पडदे की बोंबील

पिक्चर संपला तरी ओटीवर कोणी काही बोलेना. टीव्हीवर निळाशार समुद्र थिजून राहिला होता आणि त्याच्यावर सोनेरी अक्षरांत 'बकुळा सुकी मासळी' तरंगत होतं. 'छान' म्हणायची पाळी आपल्यावर येऊ नये म्हणून काशीराम दात कोरत बसला. दातात काही नव्हतं.

शिमग्याला सगळं घर बुरोंडीत जमलं होतं. पालखी काल घरात येऊन नाचून गेली होती, मटण संपलं होतं, आणि आता दुपारच्या सुस्तीत मंडळी भिंतींना टेकून त्या टीव्हीकडे बघत होती. पिक्चर काढला होता ऋत्विकने. थोरल्या दीपकचा मुलगा. मुंबईत जाहिराती करतो, स्वतःचा ड्रोन बाळगतो आणि सूर्य मावळायला लागला की कॅमेरा घेऊन जेवणावरून उठतो.

"बोला की कोणीतरी," ऋत्विक म्हणाला.

"समुद्र छान आलाय," दीपकची बायको दर्शना म्हणाली. "इतका निळा असतो का आपल्याकडे?"

"नसतो. मी केलाय."

"आणि ही कोण रे, टोपली घेऊन वाळूतून झोपेत चाललेली?" काशीरामला राहवेना.

"मनिषाकाकी. स्लो मोशन आहे ते."

काशीरामने मनिषाकडे बघितलं. ही बाई सकाळी बंदरावर निघाली की तिला गाठायला माणसाला धावावं लागतं. पिक्चरमध्ये ती नऊवारी नेसून, रिकामी टोपली कमरेला लावून, गर्भारशी चालतात तशी चालली होती. मागे बासरी. आणि घशात मध ओतल्यासारखा एक पुरुष म्हणत होता, 'परंपरा. निसर्ग. चव.'

"हा बोलणारा कोण? ह्याने कधी बोंबील खाल्लेला वाटत नाही."

"तो माणूस नाही, काशीदा. कॉम्प्युटरचा आवाज आहे." नात्याने काशीराम त्याचा चुलत आजोबा. पण पन्नाशीत आजोबा म्हणवून घ्यायचं नाही, असं काशीरामने पोरांना लहानपणीच चॉकलेटं चारून ठरवून घेतलं होतं.

भिंतीशी सुक्या कोलंबीचे सोडे निवडत बसलेल्या बकुळाने मान वर केली. हे सगळं जिच्या नावाने चाललं होतं ती हीच, दीपकची आई, काशीरामची वहिनी.

"माजा नुसता हातच दाखवलास रं. तोंडाला काय झालंय माज्या?"

"आजी, फ्रेम भरून जात होती."

"मंग हात तरी कशाला घेतलास? तिथं पण समुद्रच लावायचास."

तेवढ्यात मनिषाचा फोन वाजला. पुण्याच्या ज्ञानेश्वरीबाईंनी आवाजातला निरोप पाठवला होता. बाईंची कोकणच्या मालाची मोठी दुकानं आहेत. दुकानात लावायला त्यांनी व्हिडिओ मागितला होता आणि मनिषाने हा सकाळीच पाठवून दिला होता. तिने हात पदराला पुसले आणि निरोप सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. लपवण्यात अर्थ नव्हता. दिवाळीत ह्याच ओटीवर ठरलं होतं की शिमग्यापर्यंत मनिषाने एक तरी कायमचं गिऱ्हाईक आणायचं. आणलं, तर घरामागचं खळं म्हावरं वाळवायला तिच्याकडे राहील. नाही आणलं, तर दीपक त्या खळ्यावर समुद्र दिसणाऱ्या खोल्या बांधणार. मुंबईची माणसं येऊन राहतील आणि सकाळी पोहे मागतील. मनिषाचा नवरा सर्वेश, दीपकचा धाकटा भाऊ, जहाजावर, आखातात. तो फोनवर दोघांनाही हो म्हणाला होता.

"मनिषाताई," फोनमधून बाई म्हणाल्या, "व्हिडिओ अतिशय सुंदर आहे हं. सिनेमासारखा. पण खरं सांगू, अर्धा होईपर्यंत मला वाटलं तुम्ही पडद्यांचा धंदाही सुरू केलात. त्या दोऱ्यांवर काय लोंबतंय तेच कळेना. आणि दुकानातल्या मुली विचारतात, ह्यांच्या मासळीवर एक माशी नाही, एक कावळा नाही, औषध मारतात की काय? तर आत्ता राहू दे. पुढे बघू कधीतरी."

दीपकचा चेहरा पडला नाही, पण त्याने तो प्रयत्नाने पाडला.

"वाईट झालं," तो म्हणाला. "मेहनत केलीत सगळ्यांनी. पण ठरलं ते ठरलं. कॉन्ट्रॅक्टर परवा येतोय, फक्की मारून आखून घेईल."

"परवा?" मनिषा म्हणाली. "म्हणजे त्याला आधीच सांगून ठेवलं होतंत, भावजी?"

"अगं, सिझनमध्ये माणसं मिळत नाहीत."

मनिषाने फोन कमरेला खोचला आणि ती खरकटी भांडी उचलून मागे गेली. भांडी आपटली नाहीत. तेच काशीरामला आवडलं नाही. आपटली असती तर काळजी नव्हती.

"बाबा, तुम्हाला बरं वाटलं ना?" ऋत्विक पुटपुटला.

"तुझा पिक्चर त्यांना आवडला नाही त्यात माझा काय दोष? आजकाल गोष्ट लागते लोकांना. गोष्ट कुठे आहे ह्याच्यात?"

"मी काढला होता की गोष्टीचा," काशीराम म्हणाला.

"तुमच्या व्हिडिओत तुमचा अंगठा आहे, काशीदा. अंगठा आणि वारा."

हे मात्र खरं होतं. थंडीत काशीरामने आपल्या फोनवर वहिनीला बोलतं केलं होतं. बाबल्यादादाची, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची, बोट वादळात कशी भरकटली आणि वहिनी बंदरावर कंदील घेऊन कशी उभी राहिली, ते सगळं तिने सांगितलं. काशीराम ऐकता ऐकता स्वतः रडला. बघणाऱ्यांना दिसला तो एक गुलाबी अंगठा आणि ऐकू आलं ते नुसतं घोंघों. ज्ञानेश्वरीबाईंनी त्यावर उत्तर म्हणून अंगठ्याचंच चित्र पाठवलं होतं. तो कितीतरी दिवस ती शाबासकी समजून गावभर दाखवत फिरला.

तरी दीपकचं एक वाक्य त्याच्या डोक्यात राहिलं. गोष्ट कुठे आहे. मेला बोलला खरं, पण चुकून. काशीरामने ऋत्विकच्या कॉलरला धरलं आणि त्याला मागच्या पडवीत नेलं.

"एक सांग. कावळे कुठे गेले?"

"हाकलले. अहो, दर शॉटमध्ये घुसत होते. घाण दिसतं."

"वाळत्या बोंबलावर कावळा नाही म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे इथलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. पुण्याच्या पोरींना कळलं, तुला नाही कळलं. बरं, तू कावळे हाकलत होतास तेव्हा वहिनी काय करत होती?"

ऋत्विकचे कान लाल झाले.

"आजीला कॉलर माईक लावला होता. तिच्याकडून दोन वाक्यं हवी होती. ती शाळेत बक्षीस घ्यायला गेल्यासारखी बोलायला लागली. मग मी म्हटलं जाऊ दे, आणि ड्रोन उडवायला गेलो. माईक काढायचा राहिला. आणि सावल्या सरकताना हव्या होत्या म्हणून कोपऱ्यात एक कॅमेरा चालू ठेवला होता."

"म्हणजे सगळं टिपलंय?"

"आवाज एकदम स्वच्छ आलाय. पण ती जे बोललीये ते स्वच्छ नाहीये."

काशीरामने हेडफोन कानाला लावले. आधी त्याने भुवई वर केली, मग तोंडावर हात धरला, मग तो पडवीच्या खांबाला धरून खाली बसला. भांडी घासता घासता मनिषा बघत राहिली.

"काय झालं काकांना?"

"आजी कावळ्यांना हाकलते ना," ऋत्विक म्हणाला, "ती नुसतं हाड-हूड नाही करत. नावाने हाकलते. आपल्या नावांनी."

मनिषाचे हात थांबले. रोज त्याच खळ्यात राबणारी ती, पण तिलाही हे माहीत नव्हतं. ती जवळ असली की सासू गप्प राखण करायची.

काशीराम डोळे पुसत उठला. "हाच पिक्चर. हाच पाठवायचा."

"अहो पण माझ्या बाबांचं नाव आहे त्याच्यात. मला घरात घेणार नाहीत."

"शिमगा आहे. शिमग्यात नावाने बोंब मारली तर राग धरायचा नसतो, असा आपल्याकडे नियम आहे. तुझा बाप एवढा गावाचा अभिमान सांगतो सोसायटीत, पाळू दे एखादा नियम."

"आधी आईंना विचारायला हवं," मनिषा म्हणाली आणि ओल्या हातांनी तशीच आत गेली. ती परत आली तेव्हा पहिल्यांदा थोडी हसली होती. "मी म्हटलं, तुम्ही कावळ्यांशी बोलता ते दाखवू का लोकांना? तर म्हणाल्या, कावळ्यांना विचार."

मग लॅपटॉपपुढे तिघं दाटीवाटीने बसली आणि भांडण सुरू झालं. काशीरामला सगळ्या शिव्या हव्या होत्या, एकसुद्धा न गाळता.

"तसं नाही चालणार," ऋत्विक म्हणाला. "नुसत्या शिव्या ठेवल्या तर लोक हसतील आणि जातील. विकायचं काय आहे? बोंबील. मग एक शिवी, की बोंबील. एक शिवी, की सोडे. जवळून, नीट, फोकसमध्ये."

त्याने तसं केलं, आणि काशीरामला मान्य करावं लागलं. मघाचेच ते बोंबील, तेच ऊन. मघाशी पडदे वाटत होते. आता वहिनीचा आवाज वर आल्यावर तेच बोंबील कोणीतरी जिवापाड राखलेलं खाणं वाटायला लागले. एका चांदीसारख्या बोंबलाकडे बघून तर काशीरामला, पोट तुडुंब असूनही, भूक लागली.

पुढे कोपऱ्यात दोरीवर काशीरामची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी वाळत होती. ऋत्विकने ती पुसायला घेतली.

"ती कशाला काढतोस? खरी आहे ती."

"खरी आहे, काशीदा. पण खायच्या वस्तूशेजारी नको."

मनिषा तरी आपल्या बाजूने बोलेल असं काशीरामला वाटलं होतं. ती म्हणाली, "पूस रे, आधी पूस."

शेवटाकडे एक जागा आली. वहिनी नुसती बसून होती, काही बोलत नव्हती. ऊन उतरत होतं. काशीराम म्हणाला, हे काप, इथे काही होत नाही. ऋत्विकने मान हलवली. "होतंय. ती वाट बघतेय. हे कापलं तर पुढचं कळणारच नाही." पोरगा एवढं शहाणं बोलेल असं काशीरामला कधी वाटलं नव्हतं. त्याने पुढचं ऐकलेलं होतं, त्यामुळे तो वाद न घालता बाजूला झाला.

चहाच्या वेळी सगळ्यांना पुन्हा ओटीवर बोलावलं. दीपक कॉन्ट्रॅक्टरशी फोनवर टाइल्सचं बोलत होता, तो तसाच येऊन खुर्चीत बसला. बकुळा आपल्या जागी. टीव्ही लागला. बासरी नाही, मधाळ पुरुष नाही. खळं, बांबूंना बांधलेल्या दोऱ्या, दोऱ्यांवर बोंबील, आणि काठी घेऊन बसलेली बकुळा.

समोर धपकन एक कावळा उतरला.

"दीपक, हो मागं," टीव्हीतली बकुळा म्हणाली. "तू खायला येत नायस, मला म्हायती हाय. येतोस, बघतोस, मापं घेतोस नि जातोस."

दर्शनाच्या नाकातून चहा आला. दीपकने फोन कानापासून खाली घेतला, पण बंद करायचा राहिला. त्यातून कॉन्ट्रॅक्टर हॅलो हॅलो करत होता.

"दर्शना, बाय, चोच पुसून झाली काय? मघापासनं पुसतेस. आमच्याकडचं काय लागलंय तुला?"

आता दर्शनाचं हसणं थांबलं आणि दीपकचं सुरू झालं, पण तेही फार टिकलं नाही.

"हा काशी. ह्याला भूक नसते. दुसऱ्याच्या चोचीतलं काढायचं नि फांदीवर बसून हसायचं. लगीन केलं असतंन तर वळण लागलं असतं."

काशीरामने उभं राहून सगळ्यांना नमस्कार केला.

मग एक बारीक, पिसं विस्कटलेली कावळी आली. टीव्हीतल्या बकुळाने काठी उचललीच नाही. "मनी, तू घे गो एक. सकाळपासनं उभी हायस. घे, कोण बघत नाय." मनिषा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने पदर उगाच नीट केला आणि दुसरीकडे कुठेतरी बघितलं.

आणि मग ती रिकामी जागा आली. बकुळा बसलेली. काही होत नाही. ओटीवर कोणी कपसुद्धा खाली ठेवला नाही. शेवटी एक जाडजूड कावळा येऊन उंच बांबूवर बसला, आणि बकुळाचा आवाज बदलला. शिव्या तशाच, पण आवाज दुसरा.

"आलास? लागली बोट? दहाव्याला बरा नाय आलास. दुपार टळेस्तोवर ताटकळत ठेवलंस समद्यांना. भटजी कंटाळला, शेवटी दर्भाचा कावळा करून पिंड शिववला. नि आता रोज येतोस बिनबोलावता." तिने टोपलीतला एक बोंबील निवडून शेजारच्या चिऱ्यावर ठेवला. "घे. चांगला हाय. थोरला म्हणतो, हितं खोल्या बांधतो. बांधू दे, त्याचं पण घर हाय. पण मंग तू बसशील कुठं, तेवढं सांग मला."

एवढ्यावरच पडदा काळा झाला, आणि त्यावर साध्या अक्षरांत गाव आणि फोन नंबर.

काशीरामने दादाला खांदा दिला होता. दर्भाचा कावळा करताना दीपकने जी मान खाली घातली होती, तीही त्याने बघितली होती. त्याने आता दीपककडे बघायचं टाळलं. तो पुन्हा दात कोरायला लागला.

"ते माझं नाव काढा," दीपक म्हणाला. "बाकी ठीक आहे. नाव काढा."

"पाठवला मी," मनिषा म्हणाली.

"कधी?"

"चहा ठेवायच्या आधीच."

"मला न दाखवता?"

"कॉन्ट्रॅक्टरला तुम्ही आम्हाला विचारून बोलावलंत का, भावजी?"

दीपकने दर्शनाकडे बघितलं. दर दिवाळीला, दर गणपतीला ती अशा वेळी त्याच्या मदतीला धावून यायची. ती ओठ पुसत म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? मला तर चोच पुसणारी केलीये. मी काही बोलले का? आणि खोल्यांच्या चादरी कोण धुणार होतं, ते तुम्ही मला अजून सांगितलेलं नाही."

मनिषाचा फोन वाजला. तिने मेसेज वाचला, पुन्हा वाचला, आणि मग नुसता काशीरामपुढे धरला. काशीरामने घसा साफ करून मोठ्याने वाचला. "दुकानातल्या मुली हसून हसून रडल्या आणि मग खरंच रडल्या. हा लावते. माल दर महिन्याला पाठवत जा. एक विचारायचं होतं. दीपक कोण?"

कोणी हसलं नाही, कारण सगळे दीपककडे बघत होते.

"एक गिऱ्हाईक," दीपक म्हणाला. "एका गिऱ्हाइकावर एवढी जागा अडवून ठेवायची?"

"एकच ठरलं होतं," ऋत्विक म्हणाला.

"तू गप्प बस. माझ्याच पैशाने ड्रोन घेतलास."

"हा ड्रोनने नाही काढलेला, बाबा."

पुढे काय झालं असतं कोण जाणे. पण तेवढ्यात मागून असा काही गलका उठला की काशीरामच्या हातातला कप कलंडला. सगळं घर टीव्हीसमोर होतं. राखणदारीण टीव्हीत होती आणि टीव्हीसमोरही होती. खळ्यात कोणीच नव्हतं.

सगळे मागे धावले. सगळ्यांत पुढे दीपक, कारण तो उठायलाच टेकला होता. खळ्यावर काळंभोर झालं होतं. दोऱ्यांवर, बांबूंवर, टोपल्यांच्या काठांवर गावातले सगळे कावळे जेवायला बसले होते. दीपकने चिऱ्याला टेकवलेली काठी उचलली. "हाड, हाड," तो ओरडला. "हट. गो." दोनचार उडाले आणि पलीकडच्या दोरीवर जाऊन बसले. बाकीच्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. त्यांना काय, असला साहेब रोज थोडाच असतो.

बकुळा दारात येऊन टेकली होती. धावण्याचं तिचं वय नव्हतं, आणि घाई तिला कधीच नव्हती.

"तसं नाय जायचे ते," ती म्हणाली. "नावानं बोल. नाव घेतल्याबिगर मागं होत नाय कोण."

दीपक काठी घेऊन उभा राहिला. पायात मुंबईच्या पांढऱ्या सपाता, कपाळावर कालचा गुलाल. काशीरामला वाटलं, आता हा कॉन्ट्रॅक्टरचं नाव घेईल, नाहीतर माझं. दीपकने खळ्याकडे बघितलं, वर त्या उंच बांबूकडे बघितलं. तिथे कोणी बसलेलं नव्हतं. समोरच्या दोरीवर मात्र एक तुकतुकीत, गुबगुबीत कावळा मान वाकडी करून त्याला न्याहाळत होता.

"दीपक," तो हळू म्हणाला.

"ऐकू नाय येत त्याला," बकुळा म्हणाली.

दीपकने काठी उचलली. "दीपक, हो मागे."

कावळा मागे झाला. जाताना एक बोंबील घेऊन गेला, आणि मनिषाने तो नेऊ दिला.